आमच्या दवाखान्यातली गरम सुई

आमच्या घरात दोन स्टो होते. एक स्वयंपाकाचा आणि एक सुयांचा. सुयांच्या स्टोवर मी कधी चहा टाकला नाही आणि स्वयंपाकाच्या स्टोवर कधी सुया उकळल्या नाहीत. लग्न होऊन वाशीमकडच्या जऊळक्याला आले तेव्हापासून एवढी शिस्त मी पाळली. बाकीच्या शिस्तीचं पुढे सांगते.

माझे यजमान डॉक्टर होते. पदवी आयुर्वेदाची, पण चूर्ण कोणी मागत नसे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं तीन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मधल्या खोलीत आम्ही, मागे स्वयंपाक. सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी मॅट्रिक पास, वय एकवीस. दवाखान्यात दुसरा माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी कंपाउंडर झाले. मला कोणी विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही.

काचेच्या दोन सिरिंजा होत्या, एक लहान आणि एक मोठी, आणि सात सुया. सकाळी उठून मी त्या पातेल्यात उकळायची, चिमट्यानं काढायची आणि झाकणाच्या ट्रेमध्ये मांडायची. सुया फेकायच्या नसतात, झिजेपर्यंत वापरायच्या असतात, असं तेव्हा सगळेच समजत. पंधरा-वीस दंड झाले की सुईचं टोक वाकायचं. मग ती लहानशा गुळगुळीत दगडावर घासायची आणि कापसातून ओढून पाहायची. कापसाचा तंतू अडकला तर अजून घासायची. यात माझा हात चांगला बसला होता. माहेरच्या बायका विचारायच्या, सासरी काय शिकलीस? मी म्हणायची, लोणचं.

गावाला सुई आवडायची. गोळी दिली की माणूस हिरमुसायचा. गोळी घ्यायला इथपर्यंत कशाला आलो, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यांतली माणसं दिवसभर प्रवास करून यायची आणि बाही वर करूनच दारात उभी राहायची. सुयांमध्येही पायऱ्या होत्या. साधी पांढरी कोणालाही. लाल, म्हणजे ताकदीची. आणि सगळ्यात वर गरम सुई. ती कॅल्शियमची. नसेत हळूहळू सोडली की घशापासून पायापर्यंत ऊब पसरायची आणि माणसाला वाटायचं, आता औषध पोचलं. ती द्यायला मोठी सिरिंज लागायची. मी दंडाला रबरी नळी बांधायची. नस सापडली की सिरिंजमध्ये रक्ताचा एक लाल धागा वर चढायचा. तो दिसला की आमचे डॉक्टर मला म्हणायचे, "सोड." मी नळी सोडायची आणि ते औषध आत सोडायचे.

एक माणूस झाला की सिरिंजमध्ये कोमट पाणी ओढून दोनदा दारात उडवायचं आणि पुढच्या माणसाला घ्यायचं. पाणी मीच सकाळी उकळून वाटीत ठेवलेलं असायचं. आजूबाजूचे काही लोक तर एकाच सुईनं अख्खा बाजार उरकत, त्यामानानं आमचा दवाखाना स्वच्छ म्हणून नावाजलेला होता.

गरम सुईसाठी नेमानं येणाऱ्यांत स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको होती. माझ्याच वयाची, मूर्तिजापूरकडची. दर आठवड्याला ती यायची. तिला अशक्तपणा होता आणि त्याहून जास्त कंटाळा होता. रेल्वे क्वार्टरमध्ये तिला बोलायला कोणी नव्हतं. सुई आत जात असताना ती हसायची.

"डाक्टरीणबाई, आंगठ्यालोक गेली पाहा ऊब."

"हालू नोको, नस सुटन."

"सुटू द्या. पुन्हा घ्या."

सुई झाली की ती मागे स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि गाड्यांविषयी बोलायची. इंजिनाच्या शिट्टीवरून ड्रायव्हर कोण आहे ते तिला कळायचं. कोणाचं बायकोशी भांडण झालंय हेसुद्धा शिट्टीवरून कळतं, असं ती म्हणायची. मला खरं वाटायचं. गावात ती माझी एकुलती एक मैत्रीण होती.

लग्नानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात यजमानांना मुतखड्याचा त्रास सुरू झाला. दुखायला लागलं की ते जमिनीवर पडून भिंतीला लाथा मारायचे. एकदा पेशंट बाहेर बसलेले असताना त्यांनी अशा लाथा मारल्या आणि बाहेरचे लोक उठून गेले. शेवटी वाशीमच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पेथिडिन या जबर वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत यजमान शांत झाले. परतताना गाडीत मी विचारलं, "दुखते काय आता?"

ते म्हणाले, "दुखते. पन दुसऱ्याचं दुखल्यावानी वाटते."

मला तेव्हा बरं वाटलं.

वाशीमहून चार-पाच कुप्या बरोबर आणल्या होत्या, लागल्या तर म्हणून. त्या लागल्या. पंधरा दिवसांनी खडा पडला. तो मी स्वतः पाहिला, ज्वारीच्या दाण्याएवढा होता. एवढ्याशा दाण्यानं एवढा माणूस लोळवला याचं मला आश्चर्य वाटलं. आता संपलं, असं आम्ही दोघांनीही ठरवलं. मी मारुतीला नारळ फोडला.

कुप्या मात्र येत राहिल्या. दुपारी दीडला दवाखाना बंद झाला की ते जेवण न करता मधल्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावायचे. तासाभरानं बाहेर यायचे तेव्हा चेहरा अगदी निवांत असायचा. नाक खाजवत बसायचे. गोड बोलायचे. खरं सांगायचं तर आमच्या संसारातले सगळ्यात कमी भांडणाचे ते महिने होते. मला वाटलं, झोप बरी लागत असेल.

मग पुढच्या मे महिन्यात ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लागले. आमच्याकडचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना यात काय विचित्र आहे ते सांगायला नको. मी सदरे धुवायची. डाव्या बाहीला आतून, कोपराच्या खोबणीत, बारीक रक्ताचे ठिपके दिसायचे. रक्ताचा डाग थंड पाण्यात निघतो, गरम पाण्यात पक्का बसतो. आईनं हे मला दुसऱ्या कारणासाठी शिकवलं होतं. आठवडाभर मी ते डाग थंड पाण्यात काढले. मग विचारलं.

"हे डाग कायचे हाय?"

"ढेकून चावला असन."

"ढेकून रोज एकाच जागी चावते काय? तेबी बाहीच्या आतून?"

मी बाही वर केली. मी दिवसाला वीस दंड धरणारी बाई. मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मुतखडा तं पडला," मी म्हटलं.

"त्याची जागा दुखते."

"लोकायचं दुखलं तं तुमी गोळी देता."

"मले गोळी लागत नाई," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच आमच्या पेशंटांचा चेहरा दिसला.

तेव्हा मला व्यसन हा शब्द दारूसाठी माहीत होता, गांजासाठी माहीत होता. औषधाचं व्यसन असतं हे माहीत नव्हतं, आणि डॉक्टरला लागतं हे तर नाहीच. औषध ते औषध, असं समजून मी गप्प बसले. कुप्या वाशीमच्या एका औषधाच्या दुकानातून यायच्या. त्यासाठी चिठ्ठ्या लागत. यजमान त्या वेगवेगळ्या पेशंटांच्या नावानं लिहीत. कागदोपत्री आमच्या गावात मुतखड्याची साथ होती.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांना कावीळ झाली. आधी जेवण उतरेना, मग डोळे पिवळे झाले, मग नखं. गावातले लोक काळजीनं यायचे आणि त्यांनाच उपचार सांगायचे. शेजारच्या गावात एक म्हातारा कावीळ उतरवणारी माळ द्यायचा. कसल्यातरी वेलीच्या तुकड्यांची ती माळ गळ्यात घातली की रोज लांब होते आणि तिच्याबरोबर कावीळ खाली उतरते, अशी समजूत. लोकांचा आग्रह मोडवेना. आमचे डॉक्टर तीन आठवडे सदऱ्याखाली ती माळ घालून खाटेवर पडून होते. कोणी आलं की गळ्याशी बटण लावायचे. माळ खरंच लांब झाली. तुकडे वाळले की दोरा सैल पडतो, असं ते म्हणाले. बरे ते त्याच सुमारास झाले, त्यामुळे म्हाताऱ्याचं नाव वाढलं.

आजारपणातही दुपारचं इंजेक्शन चुकलं नाही. दवाखाना तेवढा अधूनमधून उघडायचा, तांड्यावरची माणसं दारातून परत पाठवणं बरं दिसत नव्हतं म्हणून.

दिवाळीनंतर पॉइंट्समनची बायको आली ती सुई घ्यायला नाही. तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता. म्हणाली, "माहे डोये पाहा वो, मले सारं पिवयं दिसून राह्यलं."

सारं पिवळं दिसत नाही, डोळेच पिवळे होतात, हे मी तिला सांगितलं. ती हसली. मग उलटी आली म्हणून मागच्या दाराकडे गेली.

तिच्यामागून आणखी लोक आले. एक शिंपी. गावातल्या जैन किराणा दुकानदाराची आई. वरच्या आळीतला एक शेतकरी आणि त्याचा भाऊ. तांड्यावरच्या दोन बाया. महिन्या-दीड महिन्यात दहा-अकरा माणसं पिवळी झाली. सरकारी आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीपमधून आले. त्यांनी दोन विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकली, पाणी उकळून प्या असं चावडीवर सांगितलं, आमच्याकडे चहा घेतला आणि यजमानांना म्हणाले, "पाणीच आहे. दुसरं काय असणार?"

यजमान म्हणाले, "पाणीच."

मी चहाचे कप विसळत होते आणि माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट अडकली होती. पॉइंट्समनची बायको विहिरीचं पाणी पीत नसे. क्वार्टरला स्टेशनच्या टाकीचा नळ होता. तांड्यावरच्या बाया त्यांच्या झऱ्याचं पाणी प्यायच्या. किराणावाल्यांकडे तर पाणी गाळून, उकळून पिण्याची घरचीच रीत. यांचं पाणी एक नव्हतं. आणि ज्या विहिरींत पावडर पडली त्यांचं पाणी पिणारी, दिवसभर त्यांत डुंबणारी पोरं ठणठणीत होती. मग या दहा-अकरा माणसांत सारखं काय होतं? मला कुठल्या वहीत पाहावं लागलं नाही. त्या सगळ्यांच्या दंडाला रबरी नळी मी बांधली होती. सगळे गरम सुईचे होते.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्यांनी कडी लावल्यावर मी घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले. नवऱ्याला असं पाहणं चांगलं नाही, पण मी पाहिलं. ट्रे त्यांनी आत नेला होता. मोठी सिरिंज घेतली, तीच. कुपी फोडली, रबरी नळी दातात धरून आवळली, नस शोधली. लाल धागा वर चढला. ते थोडं औषध सोडायचे, थोडं रक्त परत ओढायचे, पुन्हा सोडायचे. असं तीनदा. मग डोळे मिटून भिंतीला टेकले. तासाभरानं उठून त्यांनी वाटीतलं गार झालेलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं, दोनदा उडवलं, आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवून झाकण लावलं. चार वाजता दवाखाना उघडला. पहिला माणूस बाही वर करून बसला होता.

मी त्याला म्हटलं, "आज सुई नाई. उद्या या."

"काहून?"

"स्टो बिघडला."

तो गेल्यावर मी पुढच्या दाराला आतून कडी लावली. दवाखान्याच्या वेळात त्या दाराला कडी लागल्याची ती पहिलीच वेळ.

"दुपारी तुमी घेता ते कोन्त्या सिरिंजनं घेता?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "मोठ्या."

"आन चार वाजता लोकायले कोन्ती?"

त्यांनी ट्रेचं झाकण नीट बसवलं.

"मंधात उकयता काय?"

"सकाळी उकयलेली रायते ना."

"सकाळी मी उकयते. मी दुपारचं विचारून राह्यली."

बराच वेळ ते टेबलावरच्या वजनकाट्याशी खेळत होते. मग म्हणाले, "पुस्तकात हाय ते."

"काय हाय?"

"सुईनं कावीळ लागते म्हून. एकाची दुसऱ्याले."

"मंग?"

"पुस्तकात लय काही रायते."

मला राग आला असं लोकांना वाटेल. राग नंतर आला, पुष्कळ दिवसांनी, आणि बरीच वर्षं टिकला. त्या वेळी मी फक्त हिशोबानं विचार करत होते की सिरिंजा दोन आहेत आणि पातेलं एक आहे. त्यांना कावीळ पेशंटाकडून आली की पेशंटांना त्यांच्याकडून, हे कधीच कळलं नाही. त्या सिरिंजमध्ये अख्खं गाव होतं.

मी त्यांना म्हटलं, दुपारचं बंद करा. ते म्हणाले, करतो. चार दिवसांनी त्यांच्या अंगावर काटा यायला लागला, नाकातून पाणी, जांभयांवर जांभया, जुलाब, पाय जमिनीवर आपटत होते. पाचव्या दिवशी त्यांनी घेतलं. मी पाहिलं की हे सुटणार नाही, निदान आत्ता नाही. मग मला सुचलं ते मी केलं. वाशीमहून तिसरी सिरिंज आणवली. तिच्या दट्ट्याला लाल दोरा गुंडाळला. दोन सुया तिच्याबरोबर वेगळ्या डबीत ठेवल्या आणि डबी स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे.

"हे तुमची," मी म्हटलं. "ट्रेले हात लावाचा नाई. माह्याजवळून मागून घ्याची आन मले परत द्याची."

ते खाली मान घालून म्हणाले, "हौ."

पुढची दोन वर्षं मी नवऱ्याची सिरिंज रोज उकळून दिली. त्यात काही चांगलं करते आहे असं मला वाटत नव्हतं, उलट लाज वाटायची. दवाखान्याचा नियमही बदलला. प्रत्येक माणसानंतर सिरिंज वीस मिनिटं उकळायची, घड्याळ लावून. त्यामुळे सुया दिवसाला मोजक्याच व्हायच्या. लोक ओट्यावर बसून कुरकुरायचे. "डाक्टरीणबाई सुया शिजवून राह्यली," असं म्हणायचे.

तिसरी सिरिंज आली तोवर पॉइंट्समनच्या बायकोची कावीळ फार वाढली होती. तिला अकोल्याला नेलं. स्टेशनवर मी पोचवायला गेले तेव्हा ती बाकावर आडवी होती आणि तिला कोण माणसं आहेत ते नीट ओळखू येत नव्हतं. इंजिनानं शिट्टी दिली. मी विचारलं, कोन ड्रायव्हर हाय? ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी ती गेली. पोटातलंही गेलं.

दहा-बारा दिवसांनी मी डबा घेऊन क्वार्टरवर गेले. सांगायचं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पॉइंट्समन ड्युटीवरून येऊन बसला होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "वैनी, डाक्टरसाबानं लय केलं तिच्यासाठी. अकोल्यापर्यंत आले, दोन दिवस राह्यले. सख्खा भाऊ येवढं करत नाई." मी डबा दिला, रिकामा झाल्यावर घेतला आणि घरी आले. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

घरी यजमानांनी विचारलं, "सांगतलं काय?"

"नाई."

त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले. अर्ध्या तासानं आले. मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी सांगितलं ते असं. यांनी सगळं सांगितलं. कोणती सिरिंज, स्वतःला काय टोचत होते, कधीपासून, आणि हे पुस्तकात होतं हेही. तो ऐकत होता. मध्ये एकदा उठून त्यानं कंदिलाची काच पुसली. शेवटी म्हणाला, "मलेबी दोन सुया देल्या होत्या तुमी. मले काय होईन?"

यजमान म्हणाले, "मले मालूम नाई."

"मंग जा तुमी आता," तो म्हणाला.

त्यानं ना पोलिसात सांगितलं, ना गावात. पुढच्या वर्षी बदली करून घेऊन तो गेला. तोवर रस्त्यात दिसला की मला नमस्कार करायचा, यांना नाही. 

त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी लोकांना सुई देणं जवळजवळ बंद केलं. गोळ्या, पुड्या, आणि चूर्णसुद्धा. दवाखाना निम्मा झाला, मग निम्म्याचा निम्मा. "सुई देत नाई तो कायचा डाक्टर" असं लोक तोंडावर म्हणायचे. त्याच सुमारास सायकलला पिशवी लावून फिरणारा एक माणूस गावात यायला लागला. पदवी नव्हती, सिरिंज एक, सुई एक. हॅन्डललाच टेकून गरम सुई द्यायचा. त्याच्याकडे रांग असायची. मी ओट्यावरून पाहायची. एक-दोघींना मी सांगितलं, त्याले आधी उकयाले लावा. त्या म्हणाल्या, धंदा बसला म्हणून डाक्टरीणबाई जळतात.

यजमानांचं स्वतःचं सुटलं ते निराळ्या कारणानं. मी एक दिवस गाडीत बसून वाशीमला त्या औषधाच्या दुकानात गेले. मालक जैन गृहस्थ, वयस्कर, शांत. मी त्यांना म्हटलं, "काकाजी, आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पेथिडिन देऊ नका."

ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, एवढे मुतखडे एका गावात, मला काय कळत नव्हतं काय?"

"मग देत कशाला होता?"

ते चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "डॉक्टरची चिठ्ठी होती." मग म्हणाले, "मी बंद करीन. पण ते दुसरीकडून आणतील."

"आणू द्या. आणायला वेळ तर लागेल."

दुसरीकडून त्यांनी आणलं. अकोल्याहून, एकदा नांदेडहून. पण ते रोजचं राहिलं नाही. खंड पडायचा, खंडात हाल व्हायचे, मी भाताची पेज भरवायची आणि भिजलेल्या चादरी बदलायची. दोनदा सुटून पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा सुटलं ते सुटलंच. काय वेगळं झालं, असं मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. "कटाळा आला," ते म्हणाले. लोक विचारतात तेव्हा मी इच्छाशक्ती वगैरे म्हणते. पण ते जे म्हणाले ते हे.

त्यानंतर आम्ही वाशीमला राहायला आलो. त्यांनी एका शाळेत नोकरी धरली. वीस वर्षं बरी गेली. मग त्यांचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले. नागपूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं रिपोर्ट पाहून सांगितलं, हेपॅटायटिस सी, आणि लिव्हर गेलेलं. मग खुर्ची जवळ ओढून, माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "काका, राग मानू नका, विचारावं लागतं. कधी सुईनं नशा वगैरे?"

"हो," यजमान म्हणाले. "चार-पाच वर्षं."

त्यानं लिहून घेतलं. त्याच्या अपेक्षेपेक्षा उत्तर लवकर आलं होतं. त्यानं मग समजावलं की तेव्हाची गावातली कावीळ बहुधा निराळ्या जातीची, 'बी' असावी. 'सी' येताना सांगत नाही. ती घरात येऊन वीस वर्षं गप्प बसते. दोन्ही त्याच सुईतून गेल्या असतील.

बाहेर बाकावर मी बसले होते, समोर भिंतीवर एचआयव्हीचं पोस्टर होतं. दुसऱ्याची सुई वापरू नका, नवीन मिळत नसेल तर उकळा. मी ते दोनदा वाचलं. तो रोग आपल्याकडे आला तेव्हा आमचा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी आला असता तर आमच्या ट्रेमध्ये त्याची सगळी सोय होती. तिथे एक मुलगी बसायची, लोकांना समजावून सांगायला. मी तिला माझ्या तिसऱ्या सिरिंजचं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, आता हेच करतात. ज्यांचं सुटत नाही त्यांना निदान स्वतःची स्वच्छ सुई देतात." मी म्हटलं, "बरं." मला हे पंचवीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी डबी हळदीमागे लपवली नसती.

माझी तपासणी झाली. काही निघालं नाही. मी कधी सुई घेतली नव्हती. मला सुईची भीती वाटते.

यजमान त्या वर्षी श्रावणात गेले. त्यांच्यामागे मी जऊळक्याला गेले. ज्यांच्या दंडाला नळी बांधली होती त्यांतले जेवढे आठवत होते तेवढ्यांच्या घरी गेले. ओळख पटली की लोक चहा ठेवायचे. मग मी सांगायची. काही जण आधीच वारले होते, कशानं ते विचारून उपयोग नव्हता. किराणा दुकानदारानं शांतपणे ऐकलं आणि आईच्या शेवटच्या आजाराचे कागद काढून दाखवले. एका बाईनं मला उठून जायला सांगितलं, मी गेले. चौघं जण तपासून आले, दोघांच्या रक्तात निघालं. त्यांतल्या एकाला पुढे या रोगावरच्या गोळ्या मिळाल्या, तोवर त्या निघाल्या होत्या. दुसऱ्याला मिळाल्या नाहीत.

वरच्या आळीतला तो शेतकरी, कावीळ झालेल्या दोन भावांतला मोठा, आता सत्तरीला आला होता. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता माह्यं काय राह्यलं बाई? आन निघालं तं काय करू?"

"दारू सोडता येते," मी म्हटलं. "कोनाले रक्त द्याचं नाई."

"माह्यं रक्त कोन घेते?" तो म्हणाला. पण सुनेनं ऐकलं होतं. तिनं पुढच्याच आठवड्यात त्याला बसनं अकोल्याला नेलं. त्याचं काही निघालं नाही. भावाचं निघालं होतं. हे कसं, असं तो मला विचारायला वाशीमला घरी आला. मला सांगता आलं नाही. एकाच दिवशी, एकामागोमाग एक, दोघांनी सुया घेतल्या होत्या. सिरिंजमध्ये उरलेलं आधी बसलेल्याला जास्त गेलं असेल, पण आधी कोण बसला होता ते आम्हा दोघांनाही आठवेना. बराच वेळ आम्ही आठवून पाहिलं, मग त्याची परतीची बस होती.